सडा, पठार आणि येळवस

घाटावरच्या माणसाला ‘सडा’ म्हटलं की अंगणात शिंपलेलं शेणपाणी आठवतं, नाहीतर प्राजक्ताच्या फुलांचा सडा. आम्हा गोंयकारांच्या डोळ्यांसमोर मात्र येतो तो जांभ्या दगडाचा उघडा माळ. वास्कोत तर एका अख्ख्या वस्तीचंच नाव सडा आहे. आठ महिने हा माळ तापलेल्या तव्यासारखा. अनवाणी चालून बघा! मग मृगाचे दोन-चार पाऊस पडतात, खडकाच्या खळग्यांत पाणी साचतं, आणि बघता बघता त्या बोटभर मातीत काय काय उगवून येतं.

हा दगड मोठा गमतीचा. हजारो, लाखो वर्षांच्या पावसाने मूळ खडकातली सिलिका धुऊन नेली, मागे राहिलं ते लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम. म्हणून तो तांबडा, म्हणून तो सच्छिद्र. पावसाचं पाणी तो पिऊन घेतो आणि पायथ्याच्या झरीतून उन्हाळाभर थोडं थोडं सोडत राहतो. आमच्या कितीतरी गावांच्या तळी आणि बाग-कुळागरं या सड्याच्या जिवावर जगली. ओला असताना तासला की चिरा होतो. घराची भिंत, तुळशीवृंदावन, देवळाचा प्राकार, सगळं त्याचंच. रिवणजवळ उसगाळीमळला कुशावती नदीच्या काठी याच दगडावर कुणा आदिमानवाने बैल, हरणं आणि चक्रव्यूह कोरून ठेवलेत. १९९३ साली ते जगाला कळले. गुराख्यांना ते आधीपासून ठाऊक असणार, पण गुराख्याला कोण विचारतो?

तर सांगायचं होतं फुलांबद्दल.

अलीकडे चवथ झाली, गणपती पोचवले, की गोव्यातून गाड्या सुटतात त्या थेट साताऱ्याच्या कास पठाराकडे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात कास आहे. तेव्हापासून ही यात्रा वाढली. पणजीहून साडेतीनशे किलोमीटरच्या वर अंतर. वाटेत चोर्ला घाट, बेळगाव, कोल्हापूर, आणि परत येताना पिशवीत कंदी पेढे. आम्हीही गेलो. पण आमच्या गाडीत या खेपेला एक वेगळे पाहुणे होते, आणि त्यांच्यामुळेच हे लिहावंसं वाटलं.

आमच्या शेजारी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारा एक तरुण राहतो. मूळचा बीदर जिल्ह्यातल्या ठाणाकुशनूरचा. त्याचे वडील गावच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. पावसाळ्यात महिनाभर मुलाकडे राहायला आले होते. गाव कर्नाटकात, घरात मराठी, बाजारात कन्नड नि दखनी. मूळचा हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानातला. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्याचे तुकडे पडले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, आणि भालकी, औराद म्हैसूरकडे राहिले. ठाणाकुशनूर त्या औरादच्या बाजूचं. आपल्या भाषेचं राज्य चार-पाच कोसांवरून निघून जाणं म्हणजे काय, हे त्यांनी पाहिलंय. १९६७चा जनमत कौल पाहिलेल्या आम्हा लोकांना हे फार समजावून सांगायला लागत नाही. असो, तो विषय निराळा.

गुरुजींनी समुद्र दोन दिवसांत बघून संपवला. “पाणीच पाणी हाय की हो सर, बघायचं काय त्यात?” म्हणाले. म्हणून म्हटलं, चला, फुलं दाखवतो.

पहाटे निघालो. केरीपर्यंत झुंजुमुंजू झालं होतं. अंजुणे धरणाचं पाणी डाव्या-उजव्या वळणांतून दिसत, लपत राहतं, आणि गाडी चढू लागते. चोर्ल्याचा घाट भाद्रपदात बघावा. कड्यांवरून इतकं पाणी कोसळत असतं की मोजायचं सोडून द्यावं लागतं. सुर्ल्याच्या माथ्यावर धुकं एवढं दाट की पुढच्या ट्रकचा फक्त तांबडा दिवा दिसत होता. त्यात सौ.ला रस्त्याकडेला सोनकी दिसली नि तिने गाडी थांबवायला लावली. पिवळ्याधमक फुलांचा पट्टा, दरीच्या कडेपर्यंत गेलेला. तिथे ना तिकीट ना पाटी. आमच्या मागून आलेल्या गोव्याच्याच दोन गाड्या हॉर्न वाजवत पुढे गेल्या. त्यांनाही बहुधा कासलाच पोचायचं असावं!

पुढे कणकुंबी. इथे मलप्रभा उगम पावते. मग जांबोटी, बेळगाव, आणि तो लांबलचक महामार्ग. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. निपाणीला चहा घेतला, साताऱ्यात मुक्काम केला.

साताऱ्याहून पश्चिमेला यवतेश्वरचा घाट चढून गेलं की रस्ता एका लांब डोंगरधारेवरून धावतो. डावीकडे उरमोडीचं पाणी आणि त्यापलीकडे समर्थांचा सज्जनगड, उजवीकडे कण्हेर धरणाचा जलाशय. ढग गाडीच्या खालून चाललेले. पंचवीस किलोमीटरचा हा रस्ता, पण आम्हाला दीड तास लागला, कारण दर वळणाला कुणीतरी ‘थांब रे’ म्हणायचं. गाडी चालवणाऱ्याला हा रस्ता बघायला मिळत नाही एवढी एकच तक्रार.

कासला आता ऑनलाइन नोंदणी करून जावं लागतं, दिवसाला ठरावीक माणसांनाच सोडतात. गाडी लांब ठेवायची, बसने पठारावर यायचं. आसपासच्या गावांतल्या लोकांची समिती सगळी व्यवस्था बघते. शिट्टी घेऊन उभी असलेली मुलं-मुली तिथलीच. कुणी फुलांत लोळून फोटो काढायला गेलं की शिट्टी वाजते. दिवसभर वाजतच असते म्हणा ना!

आणि मग ते पठार. समुद्रसपाटीपासून सुमारे बाराशे मीटर उंच. सह्याद्रीच्या काळ्या बेसाल्टवर जांभ्याची टोपी घातलेली. म्हणजे आमचा सडाच, फक्त ढगांत नेऊन ठेवलेला. तेरड्याचा गुलाबी गालिचा क्षितिजापर्यंत. मध्ये गेंदाच्या पांढऱ्या गुंड्या, कुणीतरी शर्टाची बटणं पेरून ठेवल्यासारख्या. ओल्या जागी सीतेची आसवं, निळी-जांभळी, नखाएवढी. पिवळा कवला, ज्याला पोरं त्याच्या दोन तांबड्या ठिपक्यांमुळे मिकी माउस म्हणतात. पाण्यात वायतुरा; त्याच्या शास्त्रीय नावात सातारा आहे, कारण तो जगात इथे आणि आसपासच्या मोजक्या पठारांवरच सापडतो. टोपली कारवी मात्र नुसती हिरवी होती. ती सात वर्षांनी एकदा फुलते. तिला आमच्या रजेशी काही देणंघेणं नाही.

एका मुलीने आम्हाला दवबिंदूचं रोप दाखवलं. पानांच्या केसांवर चिकट थेंब, त्यात एक चिलट अडकलेलं. या मातीत नत्र जवळजवळ नाहीच, म्हणून ही रोपं किडे खाऊन भूक भागवतात. सीतेची आसवंही त्यातलीच. मुळांसारख्या धाग्यांवर बारीक फुगे असतात, पाण्यातले सूक्ष्म जीव ते शोषून घेतात. नाव इतकं कारुण्याचं आणि धंदा हा! ऑक्टोबरात पाणी आटलं की खेळ खलास. त्याच्या आत उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं. म्हणून दर आठ-दहा दिवसांनी पठाराचा रंग बदलतो. एकाची पाळी संपली की दुसऱ्याची.

गुरुजी गप्प होते. मला वाटलं, पाहुणे भारावले. थोड्या वेळाने सोनकीच्या ताटव्याशी उकिडवे बसले, एक फूल न तोडता बोटाने उलटं करून पाहिलं आणि म्हणाले, “हे कारळाच्या जातीचं दिसतंय.”

बरोबर होतं. सोनकी आणि कारळ दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातली. मग त्यांची कळी खुलली. त्यांच्याकडे म्हणे पूर्वी श्रावण-भाद्रपद सरत आला की कारळाची शेतं अशीच पिवळी व्हायची. बांधाला अंबाडीची फुलं. हिवाळ्यात जवस निळं, करडई केशरी. “आम्ही फुलं बघायला कुठं गेलो नाही सर. रानात गेलं की फुलं असायचीच. आणि असलं बारीक-सारीक जे उगवायचं,” पठाराकडे हात करत म्हणाले, “ते खुरपून टाकायचो. तण म्हणून.”

मागे रांगेतले एक गृहस्थ हसले. मला मात्र ते खुरपणं ऐकून आपल्याकडची माटोळी आठवली. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळं, पानं, फुलं बांधायची ही आपली रीत. कांगलां, घागऱ्यो, माट्टीची फळं, शेरवाड... यातलं कितीतरी सड्याच्या कडेकपारीला मिळणारं. श्रावणातल्या आयताराच्या पूजेची पत्रीही तिथलीच. माटोळीचं सामान आणायला आम्ही पोरं काकांच्या मागून सड्यावर जायचो, आणि कुठलं झुडूप कुठे आहे, कुणाचं फळ किती दिवस टिकतं, हे न शिकवता शिकायचो. आज माटोळीचं सामान म्हापशाच्या, फोंड्याच्या बाजारात वाटा लावून मिळतं. ते आणणारी सत्तरीची, डिचोलीची बाई अजून रानात जाते म्हणून मिळतं. ती जायची थांबली की?

त्या शिट्टीवाल्या मुलीला गुरुजींनी विचारलं, “बाळ, तुमची गुरं कुठं चरतात?”

तिने सांगितलं ते मला आत्तापर्यंत नीटसं ठाऊक नव्हतं. पूर्वी गावची गुरं याच पठारावर चरायची. मग पर्यटकांच्या पायांखाली फुलं तुडवली जाऊ लागली म्हणून लोखंडी जाळीचं कुंपण आलं. माणसं अडली, तशी गुरंही अडली. गुरं गवत खायची तेव्हा ते बुटकं राहायचं आणि खालच्या इवल्या रोपांना ऊन मिळायचं. चराई थांबल्यावर गवत माजलं आणि फुलं मागे हटली, असं गावकरी सांगू लागले. काही अभ्यासकांनीही तेच म्हटलं. कुंपण हवं की नको यावर बरीच वर्षं वाद झाला. तुडवणारे पाय खरे, आणि चरणाऱ्या तोंडांची गरजही खरी. मला दोन्ही बाजू पटतात. पण जिथे माणसाचं रोजचं काही काम उरत नाही, तिथे फुलांची राखण फक्त तिकिटावर किती दिवस चालेल, हा प्रश्न तिथून माझ्याबरोबर आला तो अजून गेलेला नाही.

“म्हणजे गुरंसुद्धा माळीच की हो इथले,” गुरुजी म्हणाले.

ती मुलगी हसली आणि शिट्टी वाजवत धावली. कुणीतरी दोरी ओलांडली होती.

परतीच्या वाटेवर मी गुरुजींना आमच्या सड्यांबद्दल सांगत होतो. ताळगावच्या पठारावर विद्यापीठ उभं राहिलं, बांबोळीला इस्पितळ, मोपाच्या सड्यावर विमानतळ. २०२२च्या डिसेंबरात त्याचं उद्घाटन झालं. वेर्ण्याचा सडा औद्योगिक वसाहतीखाली गेला. चिरेखाणींनी पोखरले ते वेगळेच. सरकारी कागदावर सडा म्हणजे पडीक जमीन. तिथे ना शेत ना झाड, मग तिचा उपयोग काय? मी बराच तावातावाने बोलत असलो पाहिजे, कारण गुरुजींनी शांतपणे एवढंच म्हटलं, “वेर्ण्याला ती कंपनी नसती तर माझा पोरगा कुठं गेला असता?”

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं, आणि आजही तयार उत्तर नाही. ठाणाकुशनूरची चार एकर कोरडवाहू जमीन दोन भावांत वाटली तर काय उरतं हे त्यांना विचारायला नको. विद्यापीठात माझ्याच घरची माणसं शिकली. विमानतळावरून आम्हीच उडतो.

त्यांनी आम्हाला आमंत्रण दिलं, येळवसला या. मार्गशीर्ष अमावस्या. पंचांगातली वेळा अमावस्या, बोलण्यात येळवस. लातूर, धाराशिव, बीदर, कलबुर्गी या पट्ट्यात तो मोठा सण. घरंदारं बंद करून सगळं गाव रानात जातं. आम्ही खरंच गेलो, डिसेंबरच्या अखेरीला. बेळगाव, विजापूर, कलबुर्गी, हुमनाबाद असा दोन दिवसांचा रस्ता. घाट नाही, धबधबा नाही, सरळ माळावरून सरळ रस्ता, आणि वर एवढं मोठं आकाश की कोकणातल्या माणसाला जरा भीतीच वाटावी.

बीदर बघून घेतलं. आणि तिथे, समुद्रापासून इतक्या लांब, पुन्हा तोच आमचा तांबडा दगड! बीदरचं पठार जांभ्याचं आहे. पंधराव्या शतकात बहामनी सुलतानांनी राजधानी इथे आणली तेव्हा किल्ल्याचा तिहेरी खंदक याच दगडात खोदून काढला. कडेला उभं राहिलं की वाटतं पेडण्याची एखादी चिरेखाण बघतोय. शहराबाहेर नौबादला कारेझ आहे. जमिनीखालचा पाण्याचा बोगदा, मध्ये मध्ये उजेडासाठी नि उपशासाठी उभ्या विहिरी. इराणी तंत्राने बांधलेला, पण चालतो तो या दगडाच्या झिरपण्यावर. सड्याच्या पायथ्याच्या आमच्या झरीचाच हा शाही भाऊ.

बीदर सोडून कमलनगरकडे जाताना माती काळी झाली. जांभा संपला. ठाणाकुशनूरला पोचलो तेव्हा गुरुजींच्या घरी रात्रीपासून चुली पेटल्या होत्या. येळवसचं जेवण म्हणजे भज्जी. आपली तेलात तळलेली नव्हे; तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे आणि रानातल्या पालेभाज्या बेसनात एकत्र शिजवतात. बरोबर बाजरीचे उंडे, ज्वारीचं ताकातलं आंबील, गव्हाची खीर. आंबिलाचं गाडगं डोक्यावर घेऊन सगळी मिरवणूक रानात. कडब्याची खोप केलेली, आत पाच दगड मांडलेले, ते पांडव. पूजा झाली की आंबील पिकावर शिंपडत शेताला फेरी. ओळखीचा असो नसो, रस्त्याने जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवतात. आम्हाला तीन शेतांत जेवावं लागलं. तिसऱ्यांदा सौ.ने माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका.

फुलं होती का? होती की. हरभऱ्याला किरमिजी, गव्हाच्या दाण्याएवढी. करडई अजून काटेरी कळ्यांत, एखादंच फूल उघडलेलं. आणि बांधाकडेला जवसाच्या चार ओळी. निळं म्हणजे किती निळं! सीतेच्या आसवांपेक्षा फिकं, पहाटेच्या आकाशासारखं. “सकाळी आलात म्हणून दिसली,” गुरुजी म्हणाले. “दुपारी पाकळ्या गळतात.”

चारच ओळी का, म्हणून विचारलं. पूर्वी पट्टेच्या पट्टे असायचे म्हणे. पावसाळ्यात सोयाबीन आलं, त्याला भाव मिळाला, कारळ गेलं. जवसाची काढणी त्रासाची, मजूर मिळत नाहीत. करडईला काटे, ती काढायला कुणी धजत नाही. घरच्या चटणीपुरत्या चार ओळी गुरुजींच्या मंडळींनी हट्टाने ठेवल्यात. त्या बाईंना फुलांबद्दल विचारलं तर त्या म्हणाल्या, “फुलं कशाला हो, चटणी लागती की रोज.”

येताना त्यांनी जवसाच्या चटणीचा डबा दिला. तो आम्ही पंधरा दिवसांत संपवला.

पुढच्या भाद्रपदात गुरुजी पुन्हा वेर्ण्याला आले. चवथीच्या आधीच मुलाला घेऊन दारात हजर. “सर, तुमचा सडा दाखवा. कास नको.” मुलगा म्हणाला, कंपनीच्या मागच्या कुंपणाबाहेर थोडा तुकडा राहिलाय, तिथं पाणी साचतं. गेलो. कुंपणाची भिंत एका बाजूला, गटार दुसऱ्या बाजूला, मध्ये आमच्या अंगणाएवढा खडक. त्यावर गेंदाच्या गुंड्या होत्या, दवबिंदू होता, आणि एका खळग्यात सीतेची आसवं, दाटीवाटीने. मुलगा गेली सहा वर्षं त्या भिंतीच्या आत रोज येत होता.

गुरुजी उकिडवे बसले. खिशातून चष्मा काढला. पलीकडच्या प्लॉटवर मुरुमाचे ढीग पडले होते आणि एक जेसीबी पाऊस थांबायची वाट बघत उभा होता. मुलाने मोबाइल काढून फोटो घ्यायला सुरुवात केली. गुरुजी म्हणाले, “फोटो राहू दे रे. आधी ह्याला इथं काय म्हणतात ते सरांना विचार.”

मी सांगितलं. सौ. तोवर भिंतीच्या कडेने पुढे गेली होती. तिला घागऱ्यांचं एक झुडूप सापडलं होतं, शेंगा अजून हिरव्या. चवथीला चार दिवस होते.